फियाट ११०० आणि पद्मिनी: ब्रेकचे सुटे भाग बिनचूक कसे निवडावेत

सुट्या भागांच्या दुकानात गेले की काउंटरपलीकडून पहिला प्रश्न येतो तो "गाडी कुठली?" हा, आणि "फियाट" एवढे उत्तर ऐकताच मागच्या फडताळातून एक खोका निघून समोर येतो. खोक्यावर गाडीचे नाव छापलेले असते, भागही दिसायला जुन्यासारखाच असतो, आणि आपण पैसे देऊन बाहेर पडतो. दाराची कडी किंवा दिव्याची काच आणायची असेल तर ही पद्धत चालून जाते, कारण चुकीची कडी बसत नाही आणि चूक तिथल्या तिथे कळते. ब्रेकचा चुकीचा भाग मात्र पुष्कळदा व्यवस्थित बसतो, महिनाभर कामही करतो, आणि चूक कळते ती उतारावर. म्हणून जुन्या गाडीसाठी ब्रेकचे भाग गाडीचे नाव सांगून मागू नयेत. गाडीतून निघालेला भाग मोजून, ते माप मूळ मापाशी ताडून, मगच मापाने मागावेत. ते मोजमाप कसे करायचे, हा या लेखाचा विषय आहे.

उदाहरणासाठी मी प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली फियाट ११०० आणि तिचीच पुढची आवृत्ती असलेली पद्मिनी घेतली आहे, कारण महाराष्ट्रात हौसेने सांभाळल्या जाणाऱ्या जुन्या गाड्यांत या कुळाच्या गाड्या भरपूर आहेत आणि माझ्या दारातही त्यांपैकीच एक आहे. १९५४ च्या सुमारास आलेली मिलेचेंतो, लोकांनी जिला लाडाने "डुक्कर फियाट" म्हटले त्या गोलसर गाड्या, मग सिलेक्ट, सुपर सिलेक्ट, साठच्या दशकाच्या मध्यावर आलेली डिलाइट, सत्तरच्या दशकातली प्रेसिडेंट आणि त्यानंतरची पद्मिनी, ही सगळी वंशावळ सामान्य बोलण्यात "फियाट" या एकाच शब्दात मावते. या सर्व गाड्यांचे ब्रेक मात्र तंतोतंत एक आहेत असे गृहीत धरता येत नाही.

त्यात भर पडते ती दुरुस्त्यांची. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींमुळे या गाडीचे भाग अनेक दशके स्वस्तात आणि कोपऱ्याकोपऱ्यावर मिळत होते, आणि टॅक्सी एक दिवसही उभी राहणे परवडत नसल्यामुळे हाताशी असेल तो भाग बसवून गाडी रस्त्यावर आणण्याचे एक शास्त्रच तयार झाले होते. खासगी गाड्याही त्याच मेकॅनिकांच्या हातांखालून गेल्या. २०२३ च्या ऑक्टोबरअखेरीस मुंबईतील शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी वयोमर्यादेमुळे रस्त्यावरून उतरली आणि भागांना असलेली रोजची मागणी संपली. जुन्या दुकानदारांकडे आता उरलेला माल आहे, नवा माल बनवणारे थोडे आहेत, आणि पन्नास वर्षांच्या गाडीत कोणत्या वर्षी कोणी काय बसवले याची नोंद कोणाकडेच नाही.

माझी गाडी १९७१ ची. तिचे मागचे ब्रेक मी पहिल्यांदा स्वतः उघडले, त्याला कारण झाले पावसाळ्यातले तिचे वागणे: ओल्या रस्त्यावर थोडा जोरात ब्रेक दाबला की गाडीचे बूड डावीकडे सरकायचे. दोन्ही ड्रम (चाकाबरोबर फिरणाऱ्या ब्रेकच्या गोल डब्या) काढून व्हील सिलिंडर (द्रवाच्या दाबाने ब्रेकचे शू बाहेर ढकलणारे चाकातले छोटे सिलिंडर) शेजारी शेजारी ठेवले तेव्हा बाहेरून ते जुळे भाऊ वाटत होते. आतला बोअर, म्हणजे पोकळीचा व्यास, मोजला तेव्हा एक १९ मिलिमीटरच्या आसपास निघाला आणि दुसरा २२ च्या थोडा वर. म्हणजे एक सहा सुतांचा आणि दुसरा सात सुतांचा (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). पेडलवर पाय तोच आणि नळीतला दाबही तोच, पण सात सुतांच्या पिस्टनचे क्षेत्रफळ सहा सुतांच्या पिस्टनपेक्षा ३६ टक्क्यांनी जास्त, त्यामुळे त्या बाजूचे चाक आधी लॉक होत होते. हा प्रकार किती वर्षे चालला होता कोण जाणे.

कागदांपासून सुरुवात

पाना हातात घेण्यापूर्वी आरसी बुकातील चॅसी क्रमांक, इंजिन क्रमांक आणि उत्पादनाचा महिना व वर्ष टिपून घ्यावे, आणि बॉनेटखालच्या पत्र्यावर ठोकलेल्या क्रमांकाशी ते ताडून पाहावे. नोंदणीचे वर्ष आणि उत्पादनाचे वर्ष यांत फरक असू शकतो. भागांच्या दृष्टीने उत्पादनाचे वर्ष महत्त्वाचे. त्यानंतर त्या आवृत्तीचे वर्कशॉप मॅन्युअल आणि पार्ट्स कॅटलॉग मिळवावा. दोन्ही वेगवेगळी पुस्तके आहेत आणि दोन्ही लागतात: मॅन्युअलमध्ये मापे, झिजण्याच्या मर्यादा आणि जुळवणीच्या पद्धती असतात, तर कॅटलॉगमध्ये भागाचे चित्र, त्याचा क्रमांक आणि कुठल्या चॅसी क्रमांकापासून भाग बदलला याची टीप असते. ही शेवटची टीप बारीक अक्षरांत असते आणि नेमकी तीच वाचायची राहते. जुन्या गाड्यांच्या क्लबांतील ज्येष्ठ सभासदांकडे या पुस्तकांच्या छायाप्रती बहुधा असतात आणि मागितल्यास मिळतात.

कॅटलॉगवरून आपल्याला कळते ते एवढेच, की गाडी कारखान्यातून निघताना तिच्यात काय होते. आज काय आहे ते ड्रम उघडल्यावरच कळेल, आणि दोन्ही जुळले नाहीत तर कॅटलॉगला झुकते माप द्यावे. मूळ रचना इंजिनिअरांनी पुढच्या-मागच्या चाकांवरचा भार मोजून ठरवलेली असते. मधल्या दुरुस्त्या दुकानात त्या दिवशी काय शिल्लक होते यावरून ठरलेल्या असतात.

उघडणे आणि मोजणे

गाडी जॅकवर ठेवून कधीही काम करू नये. घट्ट जमिनीवर स्टँड लावावेत आणि जमिनीवर असलेल्या चाकांना दोन्ही बाजूंनी अडण लावावी. ड्रम निघत नसेल तर हातोडा मारण्यापूर्वी अॅडजस्टर पूर्ण सैल करावा, कारण झिजलेल्या ड्रमच्या काठावर उरलेली कड शूला (ड्रमला आतून टेकणाऱ्या अर्धगोल पट्टीला) अडकून बसते. आत साचलेली काळी धूळ हवेच्या पाइपने उडवण्याची आपल्याकडच्या गॅरेजांत सवय आहे. ती इथे मोडावी. जुन्या लायनरमध्ये (शूवरच्या घर्षणाच्या अस्तरात) अॅस्बेस्टॉस असण्याची दाट शक्यता असते आणि ती धूळ फुप्फुसात जाऊ देण्यासारखी नाही. ओल्या फडक्याने पुसून ते फडके पिशवीत बांधून टाकावे आणि तोंडावर चांगला मास्क ठेवावा.

एका वेळी एकाच बाजूचा ब्रेक खोलावा, म्हणजे दुसरी बाजू नमुना म्हणून शाबूत राहते. कुठली स्प्रिंग कुठल्या भोकात आहे, कुठल्या शूवरचा लायनर लांब आहे आणि कुठल्यावरचा आखूड, सिलिंडरचे तोंड कोणत्या दिशेला आहे, या सगळ्यांचे फोटो घ्यावेत. पुढच्या चाकांत सिलिंडर एक आहे की दोन, हे मुद्दाम पाहावे. दोन असतील तर प्रत्येक सिलिंडर एकाच बाजूला ढकलतो, आणि डाव्या चाकाचा सिलिंडर उजव्या चाकाला बसला तरी पाइपचे तोंड किंवा ब्लीडिंग निपल (नळीतली हवा काढण्याची तोटी) उलट दिशेला येऊ शकते. निपल खाली गेले की कितीही वेळा हवा काढली तरी हवा आतच राहते. मागच्या शूंच्या बाबतीत हँडब्रेकच्या दांडीचे भोक आणि खाच आहे का, हे पाहावे. सीरीज लँड रोव्हरसारख्या काही जुन्या गाड्यांत हँडब्रेक चाकांवर नसून प्रॉपेलर शाफ्टवरच्या (गिअरबॉक्सकडून चाकांकडे फिरती ताकद नेणाऱ्या दांड्यावरच्या) वेगळ्या ड्रमवर असतो, आणि तिथे मागच्या शूंना असे भोक असण्याचे कारणच नसते.

आता मुख्य मोजमाप, म्हणजे सिलिंडरचा बोअर. सिलिंडर रिकामा करून, स्वच्छ पुसून, व्हर्नियरचे वरचे लहान जबडे आत घालावेत, किंचित डोलवून सर्वांत मोठे माप कुठे येते ते पाहावे, मग व्हर्नियर काटकोनात फिरवून पुन्हा मोजावे. दोन मापांत फरक आला तर बोअर लंबवर्तुळाकार झाला आहे आणि त्यात नवे रबर घालण्यात अर्थ नाही. इटालियन गाडी मेट्रिक असली तरी तिच्या ब्रेक सिलिंडरचे व्यास पुष्कळदा इंचाच्या अपूर्णांकांत असतात, हे लक्षात ठेवले की आकड्यांचा उलगडा होतो: १५.८७ मिलिमीटर म्हणजे पाच सूत, १९.०५ म्हणजे पाऊण इंच अर्थात सहा सूत, २२.२२ म्हणजे सात सूत आणि २५.४ म्हणजे पूर्ण इंच. आपले माप यांपैकी एखाद्याच्या दोन-चार शतांशांनी वर आले तर ती झीज समजावी. माप दोन आकड्यांच्या अधेमध्ये आले, तर तो सिलिंडर मधल्या एखाद्या अपूर्णांकाचा किंवा मेट्रिक मापाचा असू शकतो, किंवा बोअर कोणीतरी घासून मोठा केलेला असू शकतो.

सिलिंडरच्या अंगावर ओतीव आकडा असतो आणि रबरी कपच्या (पिस्टनपाशी द्रव अडवणाऱ्या वाटीच्या) पाठीवरही माप उमटवलेले असते. दोन्ही वाचावेत, पण विश्वास मोजमापावरच ठेवावा. यामागे एक कारण आहे. जुना सिलिंडर गंजून खड्डे पडले की त्यात पितळी किंवा स्टेनलेस स्टीलची स्लीव्ह (पातळ नळी) घालून घेण्याची चांगली पद्धत आपल्याकडे आहे. पण स्लीव्ह घालणाऱ्याने बोअर मूळ मापाला न आणता सोयीच्या मापाला आणला असेल तर अंगावर एक इंच लिहिलेल्या सिलिंडरच्या आत सात सुतांचा पिस्टन असू शकतो. सिलिंडरच्या तोंडाशी टॉर्च धरली तर बाहेरच्या करड्या बिडाच्या आत पिवळसर किंवा चकचकीत रंगाचे एक पातळ कडे दिसते. ते दिसले की ओतीव आकडा विसरून जावा.

पुढच्या आणि मागच्या चाकांचे बोअर वेगळे असणे मात्र चूक नव्हे. ब्रेक दाबल्यावर गाडीचा भार पुढे सरकतो, म्हणून पुढच्या ब्रेकना जास्त काम दिलेले असते. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपमध्ये पुढचे सिलिंडर एक इंचाचे आणि मागचे पाऊण इंचाचे होते. "सगळीकडे मोठाच टाका साहेब, ब्रेक कडक लागेल" हा सल्ला मला एकदा मिळाला होता. मागे मोठा सिलिंडर घातला की ब्रेक कडक लागण्याऐवजी मागची चाके आधी अडतात आणि गाडी फिरते.

ड्रमचा आतला व्यासही एकमेकांना काटकोनात असलेल्या दोन दिशांनी मोजावा. कमाल व्यास मॅन्युअलमध्ये दिलेला असतो, आणि तुलनेने नव्या ड्रमवर तो ओतलेलाही असतो. मूळ व्यासापेक्षा सुमारे दीड मिलिमीटर वाढ हा अनेक गाड्यांसाठीचा ढोबळ आडाखा असला तरी निकाल मॅन्युअलच्या आकड्यावर लावावा. लेथवर ड्रम घासायला देताना एका अॅक्सलचे दोन्ही ड्रम एकत्र द्यावेत आणि दोन्ही एकाच मापाला आणायला सांगावे.

आटे: जिथे डोळे फसतात

ब्रेकच्या पाइपांचे नट आणि होज पाइप (चाकाकडे जाणारी लवचिक रबरी नळी) यांच्या आट्यांबाबत जितकी सावधगिरी बाळगावी तितकी थोडीच. फियाटच्या घराण्यातल्या मेट्रिक गाड्यांत एम १० व्यासाचे, १ मिलिमीटर पिचचे (पिच म्हणजे लागोपाठच्या दोन आट्यांमधले अंतर) आटे सर्रास भेटतात, तर इंग्रजी आणि अमेरिकी वळणाच्या गाड्यांत तीन सुतांचे यूएनएफ (इंची मापाचे बारीक) आटे असतात, ज्यांचा व्यास ९.५ मिलिमीटर आणि इंचाला आटे २४, म्हणजे पिच साधारण १.०६ मिलिमीटर. या दोन आकड्यांमधला फरक इतका बारीक आहे की तीन सुतांचा नट एम १० च्या भोकात हाताने सहज फिरत जातो, थोडा सैल वाटतो, आणि पान्याने आवळला की घट्टही बसल्यासारखा होतो.

माझ्या बाबतीत नेमके हेच झाले. दुकानातून "फियाटचा" म्हणून आणलेला होज पाइप हाताने लावताना मला थोडा हलल्यासारखा वाटला, पण नवा भाग आहे, चार आटे फिरल्यावर पकडेल, अशी मीच माझी समजूत घातली. हवा काढून झाल्यावर सवयीने पेडल पूर्ण ताकदीने दाबून धरले आणि मुलाला खाली बघायला सांगितले. सांध्याभोवती घामाच्या थेंबासारखा एक थेंब जमला होता. सोडवून पाहिले तर भोकातल्या पहिल्या दोन आट्यांच्या कडा चपट्या झाल्या होत्या. तो थेंब घराच्या आवारात दिसला हे नशीब. त्यानंतर पाचशे रुपयांच्या आत मिळणारे पिच गेज (आट्यांमधले अंतर पडताळण्याची दातेरी पट्टी) मी कधी हातापासून दूर ठेवलेले नाही.

पिच गेज नसेल तर व्हर्नियरने नटाच्या आट्यांचा बाहेरचा व्यास मोजावा: ९.८ ते ९.९ आला तर एम १०, ९.४ ते ९.५ आला तर तीन सूत. दुसरी परीक्षा म्हणजे जुना आणि नवा नट शेजारी धरून त्यांचे आटे एकमेकांत बसवावेत आणि उजेडाकडे धरावे. पूर्ण लांबीभर फट दिसता कामा नये. पाइपाच्या टोकाचा फुलोरा (पसरवलेले तोंड) कसा आहे तेही पाहावे. दुहेरी दुमडलेला, आतून नरसाळ्यासारखा फुलोरा आणि बाहेरून बुडबुड्यासारखा गोल फुलोरा हे दोन वेगळे प्रकार आहेत आणि एकाच्या जागी दुसरा कधीही नीट बसत नाही. होज पाइपची लांबी तपासताना स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून आणि चाक लोंबते ठेवून पाहावे. पाइप ताणला जाऊ नये आणि टायरला घासूही नये.

लायनर आणि शू

शूच्या बाबतीत माझे मत असे की मूळ शू वाकलेला किंवा तडकलेला नसेल तर तोच ठेवून त्यावर नवा लायनर चढवून घ्यावा. बाजारात मिळणाऱ्या नव्या शूंचा पत्रा कधी पातळ असतो, कधी टोकाची खाच अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे असते, आणि मग शू सिलिंडरमध्ये तिरका बसतो. लायनर चढवून देणारे कारागीर मोठ्या शहरांत अजून आहेत. त्यांच्याकडे शू देताना ड्रमही सोबत न्यावा, कारण घासून मोठ्या झालेल्या ड्रमला साधा लायनर फक्त मध्यभागी टेकतो. लायनरची गोलाई ड्रमच्या गोलाईशी जुळवून घासून घेतली पाहिजे. रिव्हेटचा असेल तर रिव्हेटची डोकी पृष्ठभागापासून पुरेशी खोल आहेत ना, हे नखाने चाचपावे.

लायनरच्या कडेवर छापलेल्या अक्षरांकडे सहसा कोणी पाहत नाही. त्या सांकेतिक क्रमांकाच्या शेवटी इंग्रजी ई, एफ, जी यांसारखी दोन अक्षरे असतात. पहिले अक्षर साध्या तापमानातले घर्षण सांगते आणि दुसरे तापलेल्या अवस्थेतले. ई म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५. पहिले एफ आणि दुसरे ई असलेला लायनर शहरात छान लागेल आणि खंडाळ्याचा घाट उतरताना मऊ पडेल, असा त्याचा अर्थ. एका अॅक्सलवरच्या चारही लायनरवर अक्षरे एकच असली पाहिजेत, आणि अक्षरेच नसलेला लायनर घेऊ नये. लायनर किती टिकतो यापेक्षा गाडी किती अंतरात थांबते हे पाहावे. हौसेची गाडी वर्षाला दोन हजार किलोमीटर चालत असेल तर तिला टॅक्सीसाठी केलेला दगडासारखा कडक लायनर कशाला हवा?

रबर आणि "ऑइल"

आपल्या बोलीत ब्रेकच्या द्रवाला "ब्रेक ऑइल" म्हणतात, आणि या एका शब्दाने किती सिलिंडर वाया घालवले असतील याची गणती नाही. डॉट ३ आणि डॉट ४ हे द्रव तेल नाहीत. ते ग्लायकॉल वर्गातले आहेत आणि ब्रेकचे रबर त्यांच्यासाठीच बनवलेले असते. त्यात इंजिनचे किंवा हायड्रॉलिकचे खनिज तेल थोडे जरी मिसळले तरी रबर फुगते, पिस्टन परत येत नाही आणि चाके जाम होतात. शंका आल्यास ब्रेकच्या टाकीतला एक चमचा द्रव पाण्याच्या पेल्यात टाकावा: ग्लायकॉल पाण्यात मिसळून जाते, तेल वर तवंग धरते. तवंग दिसला तर एखादा कप बदलून भागत नाही. होज पाइपांसह सगळे रबर काढून टाकावे आणि पाइप धुऊन घ्यावेत. सिलिकॉनचा डॉट ५ सुद्धा पाण्यात मिसळत नाही, पण तो जांभळट रंगावरून ओळखता येतो, आणि तो ग्लायकॉलमध्ये कधीच मिसळू नये.

डॉट ३ चा कोरडा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस आणि डॉट ४ चा २३० अंश असतो, परंतु हवेतले पाणी शोषले की ते अनुक्रमे १४० आणि १५५ अंशांपर्यंत घसरू शकतात. कोकणात किंवा मुंबईत राहणाऱ्याने द्रव वेळेवर बदलण्याला म्हणूनच दुप्पट महत्त्व द्यावे.

पडून राहिलेल्या जुन्या पण न वापरलेल्या मालाबाबत एक भेद लक्षात ठेवावा. चाळीस वर्षे तेलकट कागदात गुंडाळून ठेवलेला सिलिंडर आजच्या नकलेपेक्षा बहुधा सरस असतो. त्याच्या आतले रबर मात्र खोक्यातच म्हातारे झालेले असते. असा सिलिंडर घ्यावा, आतले कप फेकून द्यावेत आणि नवे किट (रबरी भागांचा संच) घालावे. कप अंगठ्याने दुमडून कडेला भेगा दिसतात का ते पाहिले की त्याचे वय कळते.

मास्टर सिलिंडर

मास्टर सिलिंडरचा, म्हणजे पेडल दाबल्यावर नळ्यांत दाब तयार करणाऱ्या मुख्य सिलिंडरचा, बोअर बदलला की पेडलची सगळी भाषा बदलते. मोठ्या बोअरने पेडल उंच आणि टणक लागते, म्हणून ब्रेक सुधारला असे वाटते, पण त्याच जोराने मिळणारा दाब कमी होतो. सात सुतांऐवजी एक इंचाचा मास्टर सिलिंडर घातला तर तो साधारण एक चतुर्थांशाने घटतो. बोअरशिवाय बसवण्याच्या फ्लॅंजपासून पुशरॉड (पेडलकडून पिस्टनला ढकलणारी दांडी) जिथे टेकतो तिथपर्यंतची खोली जुन्या-नव्या भागांत मोजून ताडावी. ही खोली कमी भरली तर पिस्टन पूर्ण मागे येत नाही, टाकीकडे जाणारे बारीक भोक कपखाली झाकलेले राहते, आणि गाडी चालता चालता ब्रेक आपोआप आवळत जातात.

ड्रम ब्रेकच्या अनेक मास्टर सिलिंडरांत नळीत थोडा दाब राखून ठेवणारी एक झडप असते. किट बदलताना ती जुन्या मालाबरोबर कचऱ्यात जाते आणि मग दर वेळी पहिले पेडल पोकळ लागते. पुढे डिस्क ब्रेक बसवून घेणाऱ्यांची अडचण उलट असते: ड्रमसाठीची झडप तशीच राहिली तर डिस्कचे पॅड सुटतच नाहीत. जुन्या एकेरी मास्टर सिलिंडरच्या जागी दुहेरी बसवण्याचा मोह मला समजतो, कारण एकेरी रचनेत एक पाइप फुटला की चारही चाकांचा ब्रेक जातो. पण तो बदल बोअर, खोली आणि झडप या तिन्ही गोष्टींचे गणित करूनच करावा, "दुसऱ्या गाडीचा बसतो" या ऐकीव माहितीवर नव्हे.

बाजारात

मुंबईत ऑपेरा हाउस परिसर आणि कुर्ल्याची जुन्या भागांची दुकाने, पुण्यात नाना पेठ आणि नशीब आजमावायचे असेल तर जुना बाजार, चेन्नईत पुदुपेट, कोलकात्यात मल्लिक बझार, दिल्लीत काश्मिरी गेट आणि मायापुरी ही या शोधाची ठिकाणे आहेत. जाताना धुऊन पुसलेला जुना भाग, व्हर्नियर, पिच गेज आणि मापांचा कागद सोबत न्यावा. "शेठ, सात सुताचा व्हील सिलिंडर, एम दहा बारीक आटे, हा नमुना" असे म्हटले की दुकानदाराचा आपल्याशी बोलण्याचा सूरच बदलतो. मग तो खोक्यावरचे नाव वाचत बसत नाही, स्वतःही मोजू लागतो, आणि कधी कधी फियाटचे नाव नसलेला पण मापाने अचूक असा भाग काढून देतो. असा पर्यायी भाग घेण्यास हरकत नाही, मात्र बोअर, बॅकप्लेटवरच्या (सिलिंडर जिला बसतो त्या ड्रममागच्या तबकडीवरच्या) बोल्टांमधील अंतर, बॅकप्लेटच्या भोकात बसणाऱ्या खांद्याचा व्यास, पाइपाचे आटे, निपलची जागा आणि शूचे टोक बसते त्या खाचेची रुंदी, या सहाही बाबी जुळल्या पाहिजेत. पाच जुळल्या म्हणजे जवळपास जुळले, असे होत नाही.

डावा-उजवा जोड एकाच वेळी, एकाच उत्पादनाचा घ्यावा. नव्या सिलिंडरच्या आत बोट फिरवून चरे लागतात का, रबरी टोपीखाली गंज आहे का, हे काउंटरवरच पाहावे, आणि माप न जुळल्यास परत घेण्याची कबुली बिलावर लिहून घ्यावी.

इटलीतून भाग मागवणाऱ्यांनी "फियाट ११००" एवढ्यावर मागणी नोंदवू नये. तिथे १९६६ मध्ये आलेल्या ११०० आर या आवृत्तीला पुढे डिस्क ब्रेक होते, आणि तिथल्या ११०० डी चे इंजिन १२२१ सीसीचे होते, आपल्याकडचे १०८९ सीसीचे. म्हणजे नावे सारखी असली तरी कुर्ल्याची गाडी आणि तुरीनची गाडी यांचे मार्ग फार लवकर वेगळे झाले. विक्रेत्याला मापासह फोटो पाठवावा आणि त्याच्याकडील भागाचा व्हर्नियर लावलेला फोटो मागवावा. किमतीत सीमाशुल्क आणि वाहतूक धरूनच तुलना करावी. शंभर ग्रॅमचे रबरी किट परवडते, ड्रम बहुधा परवडत नाही.

बसवल्यानंतर

सगळे बसवून हवा काढून झाल्यावर पेडल पूर्ण जोराने मिनिटभर दाबून धरावे आणि दुसऱ्या माणसाने प्रत्येक सांधा कोरड्या कागदाने पुसून पाहावा. मग हलक्या पायाने तितकाच वेळ दाबून धरावे. जोराने दाबल्यावर टिकणारे पेडल हलक्या दाबाखाली हळूहळू खाली जात असेल तर मास्टर सिलिंडरचा कप बोअरला धरत नाही, म्हणजे मापात, कपात किंवा बोअरच्या पृष्ठभागात कुठेतरी दोष आहे. त्यानंतर मोकळ्या रस्त्यावर ताशी ४० किलोमीटरवरून वीस-पंचवीस वेळा सौम्यपणे थांबावे, मध्ये ड्रम निवू द्यावेत, आणि शेवटी चारही ड्रमजवळ हात नेऊन उष्णता ताडावी. एका अॅक्सलवरचा एक ड्रम गरम आणि दुसरा गार लागला तर दोन्ही पुन्हा उघडावेत.

काढलेले जुने भाग लगेच भंगारात देऊ नयेत. माझ्याकडे बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात ते दोन्ही सिलिंडर आहेत, प्रत्येकाला सुतळीने चिठ्ठी बांधलेली: मागचा डावा, सात सूत, चुकीचा, मागचा उजवा, सहा सूत, मूळ, खड्डे पडलेला, स्लीव्ह घालण्याजोगा.